गोलपोस्ट नंबर १६: गणपतीच्या देखाव्याच्या नोंदी

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार

आज नाही लिहिलं तर पुढे सगळं एकात एक मिसळेल म्हणून वही आजच काढली. पॅरिस ऑलिम्पिक, हॉकीच्या ब्राँझ मेडलची स्पेनशी मॅच साडेपाचची, साहेबांना सांगून चारला सुटलो, चर्नी रोडला उतरलो आणि तसाच वाडीत. तळमजल्यावरच्या काकांच्या खोलीत आधीच वीसेक माणसं, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत, पोरं खिडकीचे गज धरून बाहेर उभी. स्पेनचा पेनल्टी स्ट्रोक आत गेला तेव्हा कोणी काही बोललं नाही, मग हाफटाइमच्या तोंडावर ३० व्या मिनिटाला आपला कॅप्टन हरमनप्रीत, परत ३३ व्या मिनिटाला हरमनप्रीत, २-१, आणि तिथून पुढे काका खुर्चीत टेकलेच नाहीत. शेवटी शेवटी स्पेनला पीसी, म्हणजे पेनल्टी कॉर्नर मिळाला, गोलमध्ये आपला श्रीजेश. काका एवढंच म्हणाले, "श्रीजेश आहे."

अडवला. हूटर झाला, खोलीत नुसता दंगा, वरून कोणीतरी थाळी वाजवायला लागलं. टीव्हीवर हरमनप्रीतने त्याला खांद्यावर उचलून घेतलं होतं. त्याने २२ जुलैलाच सांगितलं होतं की पॅरिस शेवटचं, म्हणजे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, तरी काका रिमोट हातात घेऊन तसेच उभे, बंद करावा की नको. मग म्हणाले, "हा आता गोलमध्ये उभा राहिलेला दिसणार नाही रे." काका स्वतः गोली होते, ऑफिस लीगमध्ये बारा वर्षं खेळले.

जिना चढताना डोक्यात आलं की यंदाचा देखावा हाच.

११ ऑगस्ट, रविवार

मंडळाची मीटिंग. बहुतेकांना टी-ट्वेंटी वर्ल्डकपची बस हवी होती, ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर आम्ही सगळेच त्या गर्दीत होतो, तो दिवस मीपण विसरणार नाही, पण मी म्हटलं बस शंभर मंडळं करतील आणि आपल्यापेक्षा भारी करतील. आपण गोलपोस्ट उभा करू. खराखुरा, खऱ्या मापाचा. त्यात लोकांना उभं राहू दे आणि बाजूला लोकांच्या आठवणी, त्यांच्याच आवाजात.

दीड तास वाद झाला. खजिनदारांचा प्रश्न बरोबर होता की हॉकी बघतंय कोण. मी विचारलं, परवा खाली काकांकडे किती जण होते? त्यावर कोणी काही बोललं नाही. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "त्या उंच मुलाचं करा, चांगला मुलगा आहे," आणि विषय संपला. बजेट एकवीस हजार, त्यात मखर वेगळं.

१४ ऑगस्ट, बुधवार

माप घेतलं. हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद, २.१४ मीटर उंच. नळाच्या कट्ट्यापासून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत ३.९० मिळतात म्हणजे जेमतेम बसतो, दोन बाईक दहा दिवस बाहेर लावाव्या लागतील, दोघांशी बोललो, तयार आहेत. गोलची आतली खोली पूर्ण मिळणार नाही, मागे लगेच भिंत आहे. एकाने सुचवलं की तीन मीटरचा कर, कोणाला कळतंय. नाही म्हटलं. कमी केला तर काय अर्थ राहिला, ती रुंदी अंगावर यायला हवी.

संध्याकाळी बातमी आली. श्रीजेशची, सीनियर संघाची १६ नंबरची जर्सी आता कोणालाच देणार नाहीत, ज्युनियर संघात मात्र नंबर राहणार, आणि ज्युनियर संघाचा कोच तोच. काकांना सांगायला गेलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "गोलीचा नंबर? गोलीचा नंबर काढून ठेवला?" दोनदा विचारलं त्यांनी.

१८ ऑगस्ट, रविवार

रेकॉर्डिंगचा दिवस. मोबाईल, एक कॉलर माईक आणि आमच्या खोलीतला पंखा बंद. एकूण अकरा जण बोलले. सगळं लिहीत नाही, जे डोक्यातून जात नाहीये तेवढंच.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. टोकियो ऑलिम्पिक, ५ ऑगस्ट २०२१, जर्मनीशी ब्राँझची, सकाळी सातची मॅच, त्या आत पोळ्या करत होत्या आणि बाहेर टीव्हीवर कोणीतरी सारखं ओरडत होतं. त्यांना वाटलं भांडण लागलंय, म्हणून हात पुसत बाहेर आल्या तर तो गोली ओरडत होता. आपल्याच माणसांवर. डावीकडे, उजवीकडे, मागे ये, सोडू नको. कोरोनामुळे स्टेडियम रिकामं होतं ना, प्रेक्षक कोणी नाहीच, त्यामुळे त्याचा आवाज थेट घरात येत होता. वहिनी म्हणाल्या, "मला हॉकीतलं काही कळत नाही, पण एवढं कळलं की हा एकटा सगळ्यांना जागं ठेवतोय." तवा तसाच ठेवून त्या शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. ५-४, आणि जर्मनीला शेवटच्या सहा-सात सेकंदांत पीसी, तो त्याने अडवला, ४१ वर्षांनी मेडल आणि मग तो जाऊन गोलपोस्टवर बसला तो फोटो सगळ्यांना माहीत आहे. वहिनी मात्र फोटोबद्दल बोलल्याच नाहीत, आवाजाबद्दलच बोलत राहिल्या.

त्यांचं ऐकल्यावर मी बाकीच्यांना मुद्दाम विचारलं नाही, तरी अकरापैकी पाच जणांच्या बोलण्यात त्याचा आवाज आला. समोरच्या वाडीतले टॅक्सीवाले दादा, यंदा पॅरिसच्या वेळी, ४ ऑगस्टला रविवारी दुपारी ऑपेरा हाउसला गाडी कडेला लावून मोबाईलवर ग्रेट ब्रिटनची मॅच बघत होते. १७ व्या मिनिटाला आपल्या अमित रोहिदासला रेड कार्ड, पुढची सगळी मॅच दहा जणांत खेळलो. दादा म्हणाले, "एक माणूस कमी, मग त्याचा पण आवाज श्रीजेशच काढत होता." १-१ झाली, शूटआउटला ४-२. शूटआउटमध्ये खेळणारा २३ मीटरवरून बॉल घेऊन सुटतो, त्याच्याकडे आठ सेकंद असतात, समोर फक्त गोली. दादांनी दोन भाडी सोडली त्या दिवशी, आणि ते सांगताना त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

आठवीतला एक मुलगा, शाळेत गोली आहे. त्याचं म्हणणं, आधी जो उशिरा येईल त्याला गोलमध्ये उभं करायचे, आता दोघं-तिघं भांडतात. त्याला विचारलं, श्रीजेशचं काय शिकलास? म्हणाला, "दादा, बोलायचं. सर सांगतात गोली गप्प बसला की डिफेन्स झोपतो."

आणि काका. काकांनी श्रीजेशबद्दल बोलायला सुरुवातच १९८२ पासून केली. दिल्ली एशियाड, फायनल, पाकिस्तानकडून ७-१. गोलमध्ये मीररंजन नेगी, मॅच विकली असा आळ त्यांच्यावर आला. काका त्या वेळी खेळत होते, आणि त्यानंतर कित्येक महिने कुठेही गोल खाल्ला की बाहेरून आवाज यायचा, "काय रे, विकला गेलास का?" त्यांनाही, चर्चगेटला एका साध्या लीग मॅचमध्ये. नेगींनी जे सोसलं त्यापुढे आपलं काहीच नाही असं काका म्हणाले, पण त्या एका मॅचनंतर या देशात गोली म्हणजे ज्याच्यावर ढकलायचं तो माणूस. त्याच नेगींनी पुढे १९९८ च्या बँकॉक एशियाडला गोलींना तयार केलं, आशिष बलाल गोलमध्ये, टायब्रेकरला कोरियाला हरवून गोल्ड, आणि त्यानंतरच्या निवडीत कॅप्टन धनराज पिल्ले आणि बलाल धरून सहा जण बाहेर. काका हे सगळं एका दमात बोलले. मग माईककडे बोट दाखवून म्हणाले, "हे ठेव. कापू नकोस. हे माहीत नसेल तर नंबर काढून ठेवला म्हणजे काय झालं ते पोरांना कळायचं नाही."

कापलं नाही. साडेसहा मिनिटांचं आहे, देखाव्यासाठी फार लांब, तरी पूर्ण ठेवतोय.

२२ ऑगस्ट, गुरुवार

फ्लेक्स आला आणि वाया गेला. नावात 'श' च्या जागी 'स', वर फोटो भलत्याच गोलीचा, निळी जर्सी बघून लावला असणार. छापणाऱ्याने चूक आमच्या फाईलवर ढकलली, फाईल मी परत तपासली, बरोबर होती. अठराशे गेले. भांडत बसायला वेळ नाही. ठरवलं की फ्लेक्सच नको, ठाकूरद्वारला एक जुने पेंटर आहेत, ते प्लायवर हाताने अक्षरं काढून देतील.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा मित्र कोचीकडचा आहे, त्याच्याकडून श्रीजेशच्या गावाचं नाव लिहून घेतलं. किळक्कम्बलम. 'ळ' वर त्याचा फार जोर, चार वेळा म्हणून घेतलं माझ्याकडून. गाय विकल्याची गोष्ट पण त्याने सांगितली, वडील शेतकरी, मुलाला गोलीचं किट घ्यायचं म्हणून गाय विकली. मला ती माहीत होती पण तो सांगताना वेगळंच वाटलं, कारण त्याच्या घरी पण गाय होती आणि गाय गेली म्हणजे रोजचं काय काय जातं ते त्याने मोजून सांगितलं. दूध तर जातंच, शेणखतही, आणि आईचे आठवड्याचे पैसे. बारा वर्षांचा असताना श्रीजेश तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा स्पोर्ट्स स्कूलला गेला, आधी धावणं, लांब उडी, व्हॉलीबॉल, मग कोणीतरी गोलमध्ये उभा केला. हे सगळं एका पाटीवर बसणार नाही. पेंटरकाकांना फक्त 'गाय' आणि 'पॅड' अशी दोन चित्रं सांगितली, शेजारी शेजारी.

२५ ऑगस्ट, रविवार

चर्चगेट. महिंद्रा स्टेडियमच्या बाहेरूनच फिरून आलो. दोन-तीन जणांना मी सांगितलं तेव्हा खरंच वाटेना की श्रीजेश मुंबईकडून खेळलाय. २०१३, हॉकी इंडिया लीगचं पहिलं वर्ष, मुंबई मॅजिशियन्स, कोच रिक चार्ल्सवर्थ, आणि आपण शेवटचे आलो. मी तेव्हा कॉलेजात होतो, दोन मॅच बघितल्या, गोलच्या मागच्या बाजूला बसायला जागा मिळाली कारण जागाच जागा होती. पलीकडे वानखेडेला एवढा मोठा गोंगाट असतो आणि इथे दोनशे पावलांवर आम्ही थोडेच. म्हणूनच ऐकू आलं. हिंदीत, इंग्लिशमध्ये, मध्येच मल्याळम असावं, सारखं चालू. बॉल पलीकडच्या डीमध्ये, म्हणजे समोरच्या गोलपुढच्या अर्धगोलात असला तरी हा बोलतोय. मला त्या दोन मॅचचा स्कोअर आज आठवत नाही, ते बोलणं आठवतं.

त्यावेळी तो मोठा स्टार नव्हता, म्हणजे आमच्यासाठी तरी नव्हता. २००६ ला कोलंबोच्या साउथ एशियन गेम्सला सीनियर संघात आला आणि नंतर कित्येक वर्षं आत-बाहेर, त्याच्या पुढे एड्रियन डिसूझा, भरत छेत्री हे गोली. एड्रियन आपला मुंबईचा. २०११ ला चीनमध्ये ऑर्डोसला एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलला पाकिस्तानचे दोन स्ट्रोक अडवले तेव्हा नाव झालं, आणि त्याच फायनलला निर्णायक स्ट्रोक मारला तो युवराज वाल्मिकीने, मरीन लाइन्सचा पोरगा, म्हणजे आमच्यापासून चालत पंधरा मिनिटं. ही गोष्ट पाटीवर येणारच, यात चर्चा नाही. मग २०१४ इंचेऑन, परत पाकिस्तान, परत दोन सेव्ह, १६ वर्षांनी एशियाडचं गोल्ड.

२०१७ ला त्याच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली, तेव्हा संपला असंच मला वाटलं होतं. त्या वर्षी ढाक्याला एशिया कप जिंकला तेव्हा गोलमध्ये आपली माणसं होती, यवतमाळचा आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा. श्रीजेश परत आला आणि जागा त्याचीच झाली. हे मला आज स्टेडियमच्या भिंतीला टेकून उभं असताना जाणवलं, की गोलीची जागा एकच असते. फॉरवर्ड चार-पाच खेळतात, आत-बाहेर होत राहतात, दुसऱ्या गोलीला मात्र वर्षानुवर्षं बाकावर बसावं लागतं. श्रीजेश आधी स्वतः तिथे बसलाय आणि नंतर त्याच्यामुळे दुसरे बसलेत. सूरजसाठी एक ओळ टाकायची. विसरायचं नाही.

२७ ऑगस्ट, मंगळवार

दहीहंडी. काम बंद.

२९ ऑगस्ट, गुरुवार

आज ध्यानचंदांचा वाढदिवस. संध्याकाळी काकांनी माळ्यावरून पॅड काढले. कॅनव्हासचे, आत कापूस आणि वेताच्या काड्या, उजव्या पॅडचा मधला पट्टा तुटलेला, बक्कल गंजलेलं, गुडघ्याच्या खाली बॉल बसून बसून कापड चकचकीत झालंय आणि एका जागी शिवणीतून काडी बाहेर आलीये. वजन बघायला मी एक उचलला तर दोन्ही हात लागले. काका म्हणाले, पावसात ओले झाले की दुप्पट. आताचे फोमचे, हलके, त्यातून बॉल उडतो पण लांब. यांच्यातून बॉल पायाशीच पडायचा आणि समोर चार माणसं स्टिक घेऊन उभी.

पट्टा शिवायला सी. पी. टँकच्या मोचीकडे दिला. त्याने पैसे विचारायच्या आधी विचारलं, हे कोणाचं. सांगितलं. वीस रुपये घेतले फक्त.

१ सप्टेंबर, रविवार

फ्रेम उभी राहिली. नियमात खांब ५० मिलिमीटर रुंद आणि ५० ते ७५ मिलिमीटर खोल असतो, वेल्डरदादांना सांगितलं तर म्हणाले हा तर आपला दोन बाय तीनचा बॉक्स पाईप, ग्रिलवाल्यांकडे पडलेला असतो. बरोबर तोच मिळाला. पांढरा ऑइलपेंट दोन हात. मागे जाळी. आणि तळाला फळी, ४६० मिलिमीटर उंच, तीन बाजूंनी, आतून काळी.

फळीवर मी अडून बसलो होतो. टीव्हीवर ती कोणी बघत नाही पण हॉकीत गोल डोळ्याआधी कानाला कळतो, बॉल फळीवर आपटला की खट्. पीसीला पहिला फटका सरळ हिट मारला तर बॉल या फळीच्या उंचीच्या वर जाऊन चालत नाही, फ्लिक, म्हणजे स्टिकने ढकलून उचललेला बॉल, मात्र कितीही उंच जाऊ शकते, म्हणून सगळे ड्रॅग फ्लिक मारतात. रात्री दहाला काम संपल्यावर एकाने टेनिस बॉल हळूच आत ढकलला. खट्. काका गॅलरीत होते, लगेच वळून बघितलं. म्हणाले, "हा आवाज झोपेत पण येतो मला अजून."

मी गोलमध्ये उभा राहिलो. दोन्ही हात पूर्ण पसरले तरी दोन्हीकडे माझ्या हाताहूनही जास्त जागा उरते. वरचा पाईप हात उंचावून जेमतेम टेकतो. टीव्हीवर गोल केवढासा वाटतो, यात उभं राहिलं की मागे सगळं उघडं आहे असंच वाटत राहतं. ३३६ मॅच तो इथे उभा राहिला, अठरा वर्षं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

रात्रभर पाऊस, प्लायची एक पाटी फुगली, गायीच्या चित्राची. पेंटरकाका सकाळी सातला येऊन परत रंगवून गेले. स्पीकर चार, एकेका खांबाला दोन. खजिनदार विचारत होते आरतीच्या वेळी आवाज बंद करणार ना. हो, अर्थात.

७ सप्टेंबर, शनिवार

बाप्पा आले. गोलपोस्ट मखराच्या डाव्या हाताला, आधी आजी म्हणाल्या होत्या देवापुढे पाय पसरून उडी मारणार पोरं, पण आज त्यांनीच खांबाला हार घातला.

११ सप्टेंबर, बुधवार

लोक येतायत. गोलमध्ये उभं राहून फोटो काढतात, सगळ्यांना आधी पाईपवर चढून बसायचं असतं, ते मात्र देत नाही. पण एक बघितलं, आवाज सुरू झाला की माणसं थांबतात. वहिनींचा भाग लागतो, काकांचा लागतो, साडेसहा मिनिटं. एक साठीतले गृहस्थ काकांचा भाग पूर्ण ऐकून परत पहिल्यापासून लावा म्हणाले. मग काकांना भेटले, दोघं नळाच्या कट्ट्यावर बसून पाऊण तास बोलले. ते पण गोली होते, माझगावला खेळायचे. जाताना त्यांनी पॅडला हात लावून तोच हात कपाळाला लावला.

१४ सप्टेंबर, शनिवार

चीनला एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी चालू आहे, श्रीजेश निवृत्त झाल्यानंतरची पहिली स्पर्धा. आज पाकिस्तानला २-१ हरवलं. गोलमध्ये कृष्ण पाठक, आणि संघातला दुसरा गोली सूरज करकेरा. पाटीवर त्याची ओळ आहे, तिच्याखाली पोरांनी आज खडूने लिहिलं, 'सध्या चीनमध्ये'.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी आणि फायनल एकाच दिवशी. दुपारी ढोल बांधून तयार, ट्रॉली दारात, आणि अर्धी वाडी काकांच्या खोलीत. समोर चीन, यजमान, पहिल्यांदाच फायनलला, आणि आपला गोल काही होईना. ५१ व्या मिनिटाला जुगराजने मारला, १-०, आणि तीच मॅच. एकही गोल खाल्ला नाही. काका म्हणाले, "शून्य. नीट लिही, शून्य." लिहितोय, शून्य.

मिरवणूक, चौपाटी, परत यायला पहाटेचे चार.

२२ सप्टेंबर, रविवार

आवराआवर. पाट्या मंडळाच्या माळ्यावर. रेकॉर्डिंग तीन जणांच्या मोबाईलवर आणि एका पेनड्राइव्हवर. भंगारवाला फ्रेमचे अकराशे देत होता, दिली नाही, जिन्याने नेता येईना म्हणून वेल्डरदादांकडून मधोमध कापून घेतली, नटबोल्ट लावले आणि दोरीने गच्चीवर ओढली. फळीसुद्धा. गच्चीवर पूर्ण मापाचा बसतो, फक्त टाकीकडच्या खांबाला खाली एक वीट लागते.

काका चार मजले चढून आले, दोनदा थांबून. पॅड घेऊन आले होते. आठवीतल्या त्या मुलाने पॅड बांधले, पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढूनसुद्धा सैल, गुडघ्याच्या वर येत होते. गोलमध्ये उभा राहिला. बाकीचे टेनिस बॉल घेऊन समोर.

काका टाकीला टेकून बसले आणि तिथूनच, "बोल! गप्प का उभा आहेस? बोल त्यांच्याशी!"

आधी हळू, मग मोठ्याने, तो ओरडायला लागला. समोरच्या इमारतीतून कोणीतरी खिडकी उघडून बघितलं.

पुढच्या रविवारी सकाळी आठला गच्ची. टेनिस बॉल सहा आणायचे, पॅडच्या पट्ट्यांना दोन भोकं पाडून घ्यायची.